अंगठ्याखालचा नंबर

९ फेब्रुवारी

प्रिय पिपाणी,

आधी हिशेब. मागच्या उन्हाळ्यात तुझ्या आईचा सॅक्सोफोन बेचाळीस हजारांना गेला. त्यातून नवा माउथपीस वजा, कारण तिचा मी दिला नाही. पेटीचं कुलूप बदललं, ते वजा. पाठवणावळ माझ्या अंगावर आली. शिवाय घेणारा दातांचा डॉक्टर घासाघीस करण्यात माझाही गुरू निघाला, त्यामुळे वरचे दोन हजार बोलता बोलता सुटले. हातात आले छत्तीस आणि थोडे. आता त्यातून तुझा रविवारचा फोन वजा कर. मधल्या वारी 'अरे बाबा, डब्याचं झाकण अडकलंय, कसं काढू' म्हणून यायचा, तोही कर. उरलं किती, ते तूच सांग. गणित तुझं बरं होतं.

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर दोनच ओळी. 'आईचा हॉर्न परत मिळाला तर कळवा. तोवर बोलण्यासारखं काही नाही.' जन्मभर मला अरेतुरे करणारी पोरगी 'कळवा' लिहिते. मी ते कार्ड चावीवाल्याला वाचून दाखवलं. चावीवाला म्हणजे तू गेल्यावर ठेवलेला दुरुस्तीचा माणूस. सॅक्सोफोनच्या चाव्या बसवतो म्हणून हे नाव. दुकानाच्या चाव्या मात्र दर आठवड्याला हरवतो. तो म्हणाला, "मालक, मागे पत्ता तरी लिहिलाय. ज्याला तोंड बघायचं नसतं तो पत्ता लिहीत नाही." म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस, कागदाला तशी सोय नाही.

तू जाहिरात पाहिलीस तेव्हा म्हणाली होतीस, 'आईच्या हॉर्नवर तुझा अंगठा. चोर लपवतात तसा नंबर लपवलास.' ते मला लागलं, कारण गोष्ट नेमकी उलटी आहे. सॅक्सोफोनचा नंबर मागच्या बाजूला, उजव्या अंगठ्याच्या हुकाखाली ठोकलेला असतो. पलीकडच्या गल्लीतल्या ट्रम्पेटवाल्याने एकदा ट्रम्पेटचा फोटो टाकला, नंबर ठसठशीत दिसत होता. आठवड्याभरात एक सद्गृहस्थ पोलिसाला घेऊन दारात हजर. हातात बिल, बिलावर तोच नंबर. "माझा चोरीला गेलेला ट्रम्पेट," म्हणे. बिल घरी छापलेलं, पण नंबर खरा. ट्रम्पेटवाला 'अहो, अहो' करत राहिला आणि ट्रम्पेट चालता झाला. त्या दिवसापासून मी फोटोत नंबरावर अंगठा ठेवतो. कुणाला हक्क सांगायचाय? सांगा की. आधी तुम्ही नंबर बोला, मग मी अंगठा उचलतो. नियम माझा, आज सगळा बाजार पाळतो. कामाच्या टेबलावरच्या शेगड्याच्या जबड्यात चिरडलेलं माझं ते दुभंगलेलं नख बघून लोक म्हणतात, हा अंगठाबहाद्दराचा माल, डोळे मिटून घ्या. शाळेच्या बाबतीतही ते नाव मला शोभतंच म्हणा.

अडचण एवढीच की तुझ्या आईच्या हॉर्नचा नंबर माझ्याकडेही नाही. घरातली वस्तू ती, दुकानाच्या मालात कधी आलीच नव्हती. फोटो होते ते सगळे अंगठ्यासकट. असा लपवला की मलाच सापडेना.

पण काळजी करू नकोस. नंबर हे डोळ्यांच्या माणसांचं काम. तू चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतेस, तुला तेच सुचणार. मी कानांवर उभा राहिलेला माणूस आहे. बँडच्या पेट्या उचलत होतो तेव्हा पडद्यामागून ऐकून सांगायचो, तिसऱ्याच्या हॉर्नच्या खालच्या चावीचा पॅड गळतोय, हवा सुटतेय. हसायचे, मग उघडून बघायचे, मग गप्प बसायचे. त्या गप्प बसण्यातून हे दुकान झालं. तुझ्या आईचा हॉर्न मी वीस-पंचवीस वर्षं ऐकला. कुणीही तो भिंतीपलीकडे धरावा आणि एक सूर वाजवावा. मी ओळखीन. हे मी कुठेही सही करून द्यायला तयार आहे.

शोधून देतो.

तुझा,
बाबा

२२ फेब्रुवारी

प्रिय पिपाणी,

डॉक्टरकडे जाऊन आलो. फोनवर त्याची बाई म्हणाली, "डॉक्टर फक्त पेशंटना भेटतात." मी म्हटलं, "मग मला पेशंट करा." दाढ तशी दुखतच होती.

मी खुर्चीत आडवा, तोंडात त्याचे दोन्ही हात, आणि हा गृहस्थ विचारतो, "हं, बोला, सॅक्सोफोनचं काय म्हणत होता?" मी काय म्हणणार, आ. तोच बोलत राहिला. हॉर्न त्याला वाजवायचा नव्हताच. पेशंट बसतात त्या खोलीत भिंतीवर टांगायला हवा होता. "पार चकाचक करून घेतला होता हो मी," म्हणाला. "लोक दाढ विसरून त्याच्याकडे बघत बसायचे." मग बायकोने भिंतीला मासे ठेवायची काचेची पेटी लावली आणि हॉर्न गेला.

"कुणाला?"

"ऑनलाइन. कुणीतरी घेतला. त्यांचं खातं आता दिसत नाही."

त्याने जाहिरातीचा फोटो दाखवला. शोभेसाठी म्हणून कृष्णधवल काढलेला, आणि नंबरावर रबरी हातमोज्यातला अंगठा. मी म्हटलं, "तुम्हीसुद्धा?" तर म्हणतो, "तुमच्याच जाहिरातीत पाहिलं. कल्पना आवडली." नंबर त्यानेही कधी वाचला नव्हता. दुकानात येऊन घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडून मी स्वतः नंबर मोठ्याने वाचून घेतो, तो माझा दुसरा नियम. पण याला पार्सल गेलं होतं. वाचणार कोण?

दाढ काढली. पैसे घेतले त्याने पुरते, ओळख असून. निघताना त्या खोलीत थोडा बसलो, बाईला वाटलं मला चक्कर येतेय. भिंतीवर माशांच्या पेटीच्या वर दोन खिळे तसेच आहेत. तुझी आई तो हॉर्न पलंगावरसुद्धा टेकवायची नाही, मांडीवर धरून बसायची. तिने तो खिळ्याला बघितला असता तर माझी काही धडगत नव्हती.

हे तुला लिहायला नको होतं. पण लिहून झालं, आणि मी खोडत नाही.

बाबा

१२ मार्च

प्रिय पिपाणी,

माझा नियम किती चांगला आहे, हे मला आता सगळा बाजार समजावून सांगतोय.

पिवळा आल्टो सॅक्सोफोन, तुझ्या आईच्यासारखाच, जुना, एका बाईने विकायला काढलेला. फोटोत अंगठा, लाल नखाचा. फोन केला.

"बाई, तेवढा नंबर वाचता का?"

"आधी तुम्ही सांगा."

"मला माहीत नाही म्हणून तर विचारतोय."

"असं का? मग तुमचा कसा?"

"माझा नाही. माझ्या बायकोचा."

"त्यांना द्या फोन."

मी म्हटलं, "ती नाही." बाई समजुतीच्या सुरात म्हणाली, "काका, वाईट वाटून घेऊ नका, पण असे फोन फार येतात. परवाच्याची आई वारली होती." आणि ठेवून दिला. मला राग यायला हवा होता. मनात आलं ते एवढंच, पोरगी धंद्यात टिकेल.

दुसरा एक शिकाऊ वकील. त्याने मला नियम पाठ करून दाखवला, शब्दाला शब्द, आणि वर म्हणाला, "हे बाजारातल्या एका फार जुन्या माणसाने घालून दिलंय." मी म्हटलं, "तो जुना माणूस मीच." तो म्हणाला, "असेही फार येतात."

मग मी युक्ती काढली. नंबर नको, सूर ऐकवा. फोन समोर ठेवा आणि एक लांब सूर धरा, एवढंच. याला लोक तयार होतात, वाजवून दाखवायची हौस सगळ्यांनाच असते. जवळपासच्यांच्या घरी मी स्वतः जातो. तुझ्या आईचा माउथपीस बरोबर नेतो, वरच्या बाजूला तिच्या दोन दातांच्या खुणा आहेत तो. मला वाजवता येत नाही हे तुला माहीत आहे. एक सूर कसाबसा निघतो, पण तेवढा पुरतो. एकाच्या घरी त्याची सासू आतून म्हणाली, "कुणाची तब्येत बिघडली का?" दुसऱ्याच्या घरी कुत्रा पलंगाखाली गेला तो मी निघेपर्यंत बाहेर आला नाही.

त्यातला एकही तिचा नाही निघाला. एकाचा आवाज फार गोड होता, दुसऱ्याचा पोकळ, ताटलीवर चमचा मारल्यासारखा. तिचा कसा होता ते लिहायला बसलो की शब्द सापडत नाहीत. जरा जाड होता. बोलून घसा बसलेलं माणूस हसायला लागलं की कसा आवाज येतो, तसा. ऐकला की कळतो.

तू पत्रांना उत्तर दिलं नाहीस. देऊ नकोस, घाई नाही.

बाबा

२७ मार्च

प्रिय पिपाणी,

दुसरं कार्ड आलं. 'किती हॉर्न ऐकले?' तीन शब्द, पण शेवटी प्रश्नचिन्ह आहे. ज्याला उत्तर नको असतं तो प्रश्नचिन्ह काढत नाही. हे चावीवाल्याचं नव्हे, माझं.

बरेच ऐकले. सगळ्यांचं सांगत बसत नाही, पण एकाचं सांगतो, कारण त्याने मला क्षणभर हलवलं होतं.

मागच्या आठवड्यात शाळेतली संगीताची बाई आली. तिला पोरांसाठी दोन क्लॅरिनेट हवे होते, बदल्यात एक आल्टो आणला होता. पांढरा, चांदीचा मुलामा दिलेला. तिने तो ऑनलाइन घेतला, तिच्याकडे चार महिने पडून होता. मुलामा मूळचा नाही, ते चाव्यांच्या खाली लगेच दिसतं. तिथे आतलं पिवळं डोकावतं. मी पेटी बंद करता करता थांबलो. डॉक्टरचं 'चकाचक' आठवलं. तुझ्या आईच्या हॉर्नला पुढच्या रुंद घंटेच्या कडेला एक पोचा होता, तू लहान असताना जिन्यावरून सोडलास तेव्हाचा. याला पोचा नव्हता, पण पोचे काढता येतात. माझ्या हाताला तर काहीच ओळखीचं लागत नव्हतं. लागणार कसं, तिने मला तो कधी हातात दिला होता? 'तुझ्या हातांना सोल्डरचा वास येतो,' म्हणायची.

मग दुकानाचं दार लोटलं, चावीवाल्याला हातोडी खाली ठेवायला सांगितली, तिचा माउथपीस लावला आणि एक सूर फुंकला.

नाही. सर्दी झालेल्या माणसाने हाक मारावी तसा आवाज. पुन्हा फुंकला, तसाच. पॅड जुने होते हे खरं, पण पॅडने आवाज गळतो, माणूस बदलत नाही.

चावीवाला म्हणाला, "मालक, नंबर तरी टिपून ठेवू का? मुलीला पाठवता येईल."

मी म्हटलं, "कशाला? हा तो नाही."

"नाही कसा? मुलामा तर नंतरचा आहे."

"तू चाव्या बघ. कान माझ्याकडे आहेत."

तो गप्प बसला. हल्ली तो गप्प बसला की मला ते जुने पडद्यामागचे दिवस आठवतात आणि बरं वाटतं.

तो पांढरा हॉर्न मी दुरुस्तीला घेतलाय, सगळे पॅड नवे घालायचे. माल चांगला आहे, माझी तक्रार नाही. तुझ्या आईने बघितला असता तर म्हणाली असती, याला कुणीतरी वाजवायला हवं, विकून टाक. तिचं तेच होतं. स्वतःच्या हॉर्नबद्दलही तिने मला तेच सांगितलं होतं, तुला माहीत नाही. शेवटच्या महिन्यात, उशीला टेकून. 'पिपाणीला विचार. ती नको म्हणाली तर वाजवणाऱ्याला विकून टाक.' तुला विचारणार होतो. तू तेव्हा परीक्षेत होतीस, मग नोकरीच्या धावपळीत, आणि त्या दातांच्या डॉक्टरचा फोन आधी आला.

पत्र इथे संपवतो, गिऱ्हाईक आलंय.

बाबा

३ मे

प्रिय पिपाणी,

मागच्या पत्रानंतर तुझं काहीच आलं नाही. येणार नाही हे कळत होतं. शेवटच्या चार ओळी न लिहिता पत्र बंद करता आलं असतं, पण मग पुढची सगळी पत्रं त्यांच्यावरून पाय उचलून लिहावी लागली असती.

शोध चालू आहे. दोन ठिकाणचे सूर फोनवर ऐकले. एक तर सॅक्सोफोन नव्हताच, कुणीतरी गंमत म्हणून चुलत्याला तोंडाने आवाज काढायला लावला; मी त्याला सांगितलं की तुमच्या चुलत्याचा घसा दाखवून घ्या. तो हसला, मीही हसलो, फोन ठेवला. मग दुकानात कुणी नव्हतं तेव्हा लक्षात आलं की आता विचारायला कुणी उरलेलं नाही. जाहिराती संपल्यात. नव्या येतील तशा बघायच्या.

धंदा बरा आहे. तो पांढरा आल्टो परवा गेला. जहाजावर वाजवणारा माणूस होता, प्रवाशांना जेवताना गाणी लागतात तिथला. त्याचा हॉर्न समुद्राच्या हवेने खाल्ला होता, आणि जहाज लगेच सुटणार होतं. नवे पॅड बसायला वेळ लागतो, रोज थोडी हवा द्यावी लागते, म्हणून मी दुकान बंद करताना त्यावर एक सूर फुंकून मगच दिवा मालवायचो. सर्दी बरीच कमी झाली होती, पण आवाज परकाच राहिला. जहाजवाल्याने तोंडाला लावला तर मात्र काय सांगू, चावीवाला हातातलं काम सोडून बघत राहिला. मी म्हटलं, "वाजवणारा मिळाला याला."

नंबर वाचायला सांगितला. मी अंगठा उचलला, त्याने पेटीवर बोटांनी ठेका धरून गाऊनच वाचला. एक-एक-सात, दोन-शून्य, चार, आणि मग थांबून, समेवर आल्यासारखा, चार. मी त्याच्यामागून म्हटला, तोही त्याच चालीत. चावीवाला म्हणाला, "मालक गायला लागले." बऱ्याच दिवसांनी दुकानात कुणी हसलं.

तुझी आई हॉटेलात वाजवायची तेव्हा मी गिऱ्हाइकांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून ऐकायचो. वेटर आत-बाहेर करताना दार माझ्या खांद्यावर आपटायचं. दार बंद असलं तरी मला कळायचं, आता तिने डोळे मिटलेत. हे मी तुला मागेही सांगितलं असेल. त्या कानांवर विश्वास ठेव, एवढंच म्हणायचंय. हॉर्न कुठेतरी आहे. वाजला की मला ऐकू येणार.

बाबा

२१ मे

प्रिय पिपाणी,

पाकीट आलं.

आधी तुझी चिठ्ठी. 'बाबा, माझ्या जुन्या पेटीत हा फोटो सापडला. दुकानातल्या भिंगाखाली धरून वाचला. शेवटचे दोन्ही चार नक्की, बाकीचेही स्पष्ट आहेत. नंबर मागे लिहिलाय. आता तू शोध. सापडला की मी येते.'

'तू शोध.' मी दुकानाबाहेरच्या पायरीवर उभं राहून एवढंच वाचत होतो. तो ट्रम्पेटवाला पलीकडून ओरडला, "काय, लॉटरी लागली?" मी हात हलवला. नंबर मी अजून बघितलाच नव्हता. 'तू' बघत होतो.

मग फोटो बघितला. मीच काढलेला, हॉटेलच्या मागच्या जिन्यात, तुझ्या खांद्यावरून. तू चारेक वर्षांची, पाठमोरी, आईच्या मांडीवर, आणि हॉर्न दोघींच्या मध्ये. तुला तो आईसारखा धरायचाय. उजवा अंगठा हुकाखाली घातलायस, पण तो एवढासा, त्याने काहीच झाकलं नाही. खाली सगळे आकडे उघडे. माझ्या आयुष्यात काढलेल्या वाद्याच्या फोटोंपैकी नंबर उघडा असलेला हाच एक असेल.

फोटो उलटा केला. नंबर वाचायचा तर मोठ्याने वाचायची मला सवय आहे. वाचायला लागलो. एक-एक-सात. दोन-शून्य. चार. आणि मग मी थांबलो, कारण थांबायची जागा होती ती.

चावीवाल्याने मान वर केली. त्याने ऐकलं होतं. शेवटचा चार मी म्हटला नाही.

पुढचं पटापट सांगतो. जहाजाच्या कंपनीला फोन केला. त्यांच्याकडे एक बाई आहे, चांगली बोलते. म्हणाली, बँडची माणसं ठेकेदाराची असतात, आमच्या यादीत नसतात, जहाज पुढच्या बंदरावर लागलं की निरोप देऊन बघते. ठेकेदाराने फोन उचलला नाही. बिलावर जहाजवाल्याने जो फोन नंबर दिलाय, तो समुद्रात लागत नाही, जमिनीवर असताना लागेल. मी रोज लावतो. शाळेच्या संगीताच्या बाईकडेही जाऊन आलो. तिने ज्याच्याकडून घेतला त्याची जाहिरात तिच्या फोनमध्ये अजून आहे. कृष्णधवल फोटो, हातमोज्यातला अंगठा.

तू विचारशील, माउथपीस तिचा, हॉर्न तिचा, मग कळलं कसं नाही? गेले दोन दिवस मी तेच विचारतोय. चावीवाल्याला विचारलं. त्याने बराच वेळ कापडाने हात पुसले. मग म्हणाला, "मालक, फुंकत तुम्ही होता ना." एवढंच म्हणून तो कामाला लागला, आणि हातोडी नेहमीपेक्षा हळू मारत होता.

मुलामा बघून त्यालासुद्धा शंका आली होती, हे मी मार्चच्या पत्रात तुला कौतुकाने लिहिलंय. ते पत्र तुझ्याकडे आहे. फाडून टाक म्हणणार होतो, पण राहू दे.

नवा फोटो मी बाजारात टाकलाय. तुझा तो जिन्यातला, मोठा करून, नंबरासकट. खाली लिहिलंय, हा हॉर्न ज्याच्याकडे असेल त्याने कळवावं, म्हणाल ती किंमत. ट्रम्पेटवाला धावत आला, "वेडा झालास का, उद्या दहा जण बिलं छापून उभे राहतील." राहू देत. सकाळपासून तिघांनी नंबर सांगून हक्क सांगितलाय. एकाने तर हॉर्न अजून पिवळाच आहे म्हणून शपथ घेतली. त्यांच्याशी मी नीट बोलतो. कुणी सांगावं.

तुझ्या अंगठ्यावरून चावीवाला म्हणाला, "मुलगी नंबर उघडा ठेवणारी आहे." मी म्हटलं, लहानपणापासून.

सोबत तिचा माउथपीस पाठवतोय. तो तुझ्याकडे असू दे, मी आता कशाला लावून बघणार? दातांच्या खुणा वरच्या बाजूला आहेत, अंगठा फिरवलास की लागतील. पार्सल उघडताना कात्री खोल घालू नकोस.

तू येते म्हणालीस ते 'सापडला की'. मी वाक्य नीट वाचलंय. आता कुठे आहे ते माहीत नाही, पण कुठे होता ते माहीत आहे, आणि तुला ते दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. तो मार्चपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माझ्या खुर्चीमागच्या खुंटीला होता. मध्ये भिंतसुद्धा नव्हती.

बाबा